मिशीवाले उंदीर

पेणच्या आमच्या गल्लीत ओल्या रंगाचा वास सुटला, की मला ते उंदीर आठवतात. घराघरांत गणपतींचा कारखाना, आणि कुंभार, आगरी, कातकरी, मुसलमान सगळे एकाच रंगाने माखलेले.

"मूर्तीचे डोळे मला आखू दे," लहानपणी मी कारखान्यात म्हटलं, तर मालकाचा मुलगा वसंता हसला. "बायकांचा हात थरथरतो गो. तू उंदीर रंगव!"

सूड म्हणून मी झाडून साऱ्या उंदरांना वसंतासारख्या झुपकेदार मिशा काढल्या. काय ती माझी दोन वेण्यांची अक्कल! गिऱ्हाइकांनी तेच उंदीर उचलले, आणि वसंता वर्षभर मिरवला.

आता त्याचा हात थरथरतो, डोळे मी आखते. काल त्याच्यापुढे उंदीर सरकवला. "हा रंगव, वसंता. डोळ्यांना हात नाय लावायचा!"