यू, एच आणि वरच्या मजल्यावरचं शिलाई मशीन

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'गिगा' म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. कुणी पक्षी बघतं, कुणी जुनी नाणी जमवतं. गिगा लॅपटॉपमधले प्रोसेसर समोरासमोर उभे करून त्यांची कुस्ती लावायचा. मीटर उलटा फिरतो म्हणून भांडायला आलेला माणूसही जाता जाता खिडकीत परत डोकवायचा, "आणि हो, मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय."

मग गिगाची कळी खुलायची. "हे बघा, नावाच्या शेवटी एच असलेला हा पैलवान. खाणार भरपूर, तापणार, धापा टाकणार, पण समोरच्याला उचलून आपटणार. आणि हा यू म्हणजे संसारी माणूस. थोडक्यात भागवतो, डोकं थंड, आवाज नाही. फार ओझं टाकलंत तर मात्र बसकण मारेल." एवढं झालं की चष्मा कपाळावर चढवून तो शेवटचा प्रश्न विचारी, "करणार काय त्यावर?" सगळा निकाल या प्रश्नावर असायचा. तो विचारल्याशिवाय गिगाने कुणालाही सल्ला दिला नव्हता.

सख्ख्या बहिणीला सोडून.

ताई त्याच्याहून मोठी. शाळेतल्या नोकरीतून मोकळी झाल्यावर ती एका प्रकाशनाच्या ऐकायच्या पुस्तकांसाठी वाचून आपला आवाज लॅपटॉपवर भरू लागली होती. कपड्यांच्या कपाटाशेजारच्या कोपऱ्यात बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तिने तीन बाजूंनी जाड पांघरुणं टांगली होती. ती आत शिरून वाचायला लागली की बाहेरच्याला वाटावं, वाळत घातलेलं धुणंच गोष्ट सांगतंय. जुना लॅपटॉप एके दिवशी कायमचा मिटला, तेव्हा तिने साहजिकच भावाला बोलावलं.

"हे दोन लॅपटॉप निवडून ठेवलेत. मला तर जुळे वाटतात रे."

"वरून जुळे. आतला माणूस वेगळा. एकात यू, एकात एच."

गिगाने दोघांची माहिती वाचली. एचच्या माहितीत एक ओळ होती: काम वाढलं की पंखा चांगलाच ऐकू येतो. ती त्याने वाचली. परत वाचली. पांघरुणांच्या त्या कोपऱ्याकडेही एकदा पाहिलं. पण खाली कुठला खेळ किती झोकात चालतो याचा तक्ता होता आणि त्यात ट्रकचा खेळ होता.

या ट्रकबद्दल सांगायला हवं. संगणकाच्या पडद्यावर लांबच लांब रस्त्यांवरून माल पोचवायचा, वळताना दिवा दाखवायचा, सिग्नलला थांबायचं, एवढाच तो खेळ. दिवसभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्या गिगाला त्या ओसाड रस्त्यावर फार शांत वाटे. पण घरच्या जुनाट यंत्रावर ट्रक गचके खात चालायचा, आणि बायकोने जाहीर केलं होतं, "पन्नाशीचा माणूस खोट्या ट्रकमधून खोटे टोमॅटो पोचवतो, त्यासाठी या घरात नवं यंत्र येणार नाही." दर रविवारी जेवायला मात्र तो ताईकडे असायचा.

"एच घे," गिगा म्हणाला.

"पण मला नुसतं वाचायचंय."

"आज वाचायचंय. उद्या?"

"उद्याही वाचायचंच आहे."

"ताई, माणसाने पुढचा विचार करावा."

"बरं बाबा. तुला कळतं त्यातलं."

एच आला. रविवारी जेवण झालं की ताई जरा आडवी व्हायची आणि गिगा महामार्गावर निघायचा. गाडी झोकात पळावी म्हणून त्याने यंत्र 'पूर्ण ताकद'वर टाकलं आणि दर वेळी खटपट नको म्हणून तसंच ठेवून दिलं. त्यामुळे आठवडाभर ताई हळुवार प्रेमकथा वाचायची, तेव्हा शेजारी हा पैलवान लंगोट कसून धापा टाकत बसलेला असायचा. कानावर हेडफोन, त्यात एका कानाला जरा कमी ऐकू यायचं. तिला काही उमगलं नाही. एकदाच तिने विचारलं, "हा फुसफुसतो का रे जरासा?"

"नवा आहे ना," गिगा म्हणाला. "रुळेल."

मग प्रकाशनाच्या बाईंचा निरोप आला. आवाज सुरेख आहे, पण मागे शिलाई मशीन चालल्यासारखी घरघर आहे. पुन्हा करून पाठवा. ताईने वर छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर शिंपीणबाई राहायच्या. दोघींची इतकी जुनी मैत्री की एकीच्या घराची जास्तीची किल्ली दुसरीकडे असायची.

"वरूनच येतोय ना रे आवाज? तू ऐक बरं."

गिगाने भिंतीला कान लावला. भिंतीत काहीही नव्हतं. "येत असेल," तो म्हणाला. हे दोन शब्द बोलताना त्याने ताईकडे पाहिलं नाही.

ताई वर गेली. आधी विनंती झाली, मग शब्दाला शब्द लागला, मग जुनी उणीदुणी निघाली. पुढच्या रविवारी गिगा ट्रक घेऊन घाट चढत असताना दाराच्या फटीतून काहीतरी सरकत आत आलं आणि त्याच्या पायापाशी थांबलं. ताईच्या घराची किल्ली. बाहेर पायऱ्या चढून जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. ताईने किल्ली उचलली, पदराने पुसली आणि फडताळात ठेवली. गिगाने ट्रक कडेला घेतला. ताईकडे पाणी मागितलं.

घरघर थांबेना. दुसरा निरोप आला तो शेवटचा होता: या वेळीही तसंच आलं तर पुढची मोठी कादंबरी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. त्या कादंबरीसाठी ताईने किती वाट पाहिली होती, हे गिगाला ठाऊक होतं.

"चल माझ्याबरोबर वर," ताई म्हणाली. "हात जोडते तिला. तू मध्ये बोल, तुला कळतं त्यातलं."

शिंपीणबाईंनी दार उघडलं. हातात सुई होती, दोरा दातात. ताई बोलायला लागली तशा त्या बाजूला झाल्या आणि खिडकीपाशी बोट दाखवलं. मशीनच्या जागी फरशीवर धुळीची चौकट उरली होती.

"दुरुस्तीला गेलंय. कधीचं गेलंय. हाताने टाके घालतेय मी. तू ऐकून घेतलंस का त्या दिवशी?"

ताई मटकन खुर्चीत बसली. "मग आवाज कसला?"

दोघी गिगाकडे पाहू लागल्या. अशी नजर त्याला सवयीची होती. लोक अशाच नजरेने खिडकीत यायचे.

"पंख्याचा," तो म्हणाला.

"कसला पंखा? पंखा बंद ठेवते मी वाचताना. घामाने भिजून निघते."

"लॅपटॉपच्या आतला." गिगाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "ते यंत्र तुझ्या कामाचं नाही. तुला यू हवा होता. मला माहीत होतं."

"मग एच का घ्यायला लावलास?"

"ट्रकसाठी."

"कसला ट्रक?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"खेळातला. माल पोचवायचा असतो."

"कसला माल?"

"टोमॅटो," गिगा म्हणाला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे नक्की काय, ते त्याला त्या खोलीत कळलं. दोघी हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसलं कुणीच नाही. ताई एवढंच म्हणाली, "मी हिला नाही नाही ते बोलले रे. आणि तू तिथे बसला होतास."

खाली येऊन गिगाने यंत्राची ताकद अगदी खाली आणली. पैलवानाने एक लांब सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला. एवढंच होतं ते. एवढंच, आणि पहिल्या आठवड्यातच करता आलं असतं. मग त्याने ट्रकचा खेळ काढून टाकला. टोमॅटो रस्त्यातच राहिले. ताई पांघरुणांच्या आत शिरली. गिगा बाहेर भिंतीला टेकून बसला, श्वाससुद्धा जपून घेत. आतून स्वच्छ, एकटा तिचा आवाज येत होता. मागे काही नव्हतं. तो आवाज ऐकताना गिगाला मान वर करवेना.

वाचन संपल्यावर ताईने फडताळातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "माझ्या बोलण्याची माफी मी मागितली. ही तू नेऊन दे."

शिंपीणबाईंनी किल्ली घेतली, खिळ्याला अडकवली. गिगा वळला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊ, ते जुनं मशीन काही दुरुस्त होत नाही. नवं घ्यायचंय. दोन बघून ठेवलीत. तुम्हाला यंत्रांतलं कळतं म्हणतात."

गिगाने चष्मा कपाळावर चढवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "काय... काय शिवता तुम्ही त्यावर?"

"ते सांगते की. पण आधी तुम्ही सांगा," शिंपीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला त्यावर काही शिवायचं नाही ना?"