टॉवरपाशी देवी नव्हती

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर लाकडी पायांचा एक टॉवर. पूर्वी उन्हाळ्यात जंगल खात्याची माणसं त्यावर बसून कुठे वणवा लागलाय का, धूर दिसतोय का, यावर नजर ठेवायची. आता टॉवर नुसताच उभा आहे. आई माझ्याकडे आली त्याच आठवड्यात मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं भांडी पुसता पुसता ऐकलं आणि म्हणाली, "टॉवर असू दे गं, पण शेजारी एखादं देऊळ असेलच की. एवढा चांगला डोंगर मोकळा कोण ठेवेल?"

"आई, हे स्कॉटलंड आहे."

"मग? इथल्या डोंगरांना देव नको?"

मी कपाळाला हात लावला आणि विषय सोडला.

बाबा मार्चमध्ये गेले. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटी काय करणार, म्हणून मीच हट्टानं तिला व्हिजिटर विझावर घेऊन आले. कायमची ठेवून घेता येईल का, ते वकिलाला विचारून झालं. तो फार गोड बोलला आणि नाही म्हणाला. बघता बघता ऑक्टोबर आला, सोमवारचं तिचं विमान ठरलं. जाण्याआधी आईनं माझी ओटी भरावी, एवढंच मला हवं होतं.

लग्न झाल्यापासून मी पुण्याहून निघाले की ती ओटी भरायचीच. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, ओंजळ ओंजळ तांदूळ. खाली टॅक्सी हॉर्न वाजवतेय, बाबा जिन्यातून ओरडताहेत आणि ही बाई निवांत कुंकवाचा करंडा शोधतेय! मी अस्सी चिडायचे. तो नारळ म्हणजे मला गळ्यातलं लोढणं वाटायचा.

आता तीच बाई कुंकवाच्या आसपास फिरकत नव्हती. नवरात्रात एडिनबराला मराठी मंडळाचा भोंडला होता, तिथे आपणहून हॉलच्या किचनमध्ये जाऊन बसली आणि शेवटपर्यंत खिरापतीच्या डिश भरत राहिली. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी घरी ओटीचा विषय काढला की म्हणायची, "तुझ्या सासूबाई भरतील की." सासूबाई नागपूरला! माझ्या डोक्यात तिडीक जायची. जन्मभर बँकेत नोकरी केलेली, चारचौघींना शहाणपण शिकवणारी बाई, आणि हे असलं खूळ? मी भांडायचे, ती कणीक मळायची.

शनिवारी छान ऊन पडलं. नवरा तिच्या बॅगांची वजनं करत बसला होता. तीच म्हणाली, "चल, त्या टॉवरला जाऊन येऊ."

तिच्या पायात माझे बूट, दोन जोड मोजे, पंजाबी ड्रेसवर माझं जुनं जॅकेट आणि पाठीवर तिनं स्वतः भरलेली सॅक. मी घेते म्हटलं तर देईना. कारपार्कपासून वाट सरळ झाडीत शिरते. लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती आणि त्यांच्या सुया चिखलात पसरल्या होत्या. वर नेच्यांचं रान वाळून तांबडं पडलं होतं. दर वळणावर आई थांबायची.

"दमलीस का?"

"दमतेय कशाला, बघतेय."

कुत्रा घेऊन उतरणारी एक म्हातारी "लव्हली डे" म्हणाली. आईनं तिला मराठीतच सांगितलं, "हो ना, पण वारा फार आहे." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

माथ्यावर वारा नुसता झोंबत होता. टॉवरच्या शिडीला कुलूप होतं, शेजारी एक बाक, बाकी गवत. आईनं टॉवरला चारी बाजूंनी फेरी मारली. मागच्या खडकांपर्यंत जाऊन वाकून बघून आली.

"खरंच काही नाही गं," ती म्हणाली.

मग बाकावर बसून तिनं सॅक उघडली. जांभळा खण, नारळ, फ्रीजर बॅगेत तांदूळ, हळदी-कुंकवाच्या पुड्या. मी बघतच राहिले.

"देवीसाठी आणलं होतं. तू भरली असतीस. मी बाजूला उभी राहिले असते."

त्या 'बाजूला'नं माझा तोल गेला. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि जॅकेटचा घेर दोन्ही हातांनी पसरला. "देवी नाहीये ना? मग माझी भर."

"वेडेपणा करू नकोस."

"इथे कोण बघतंय तुला? मेंढ्या?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस? लोकांना कधी विचारलंय मी?"

"मग झालंय तरी काय तुला? बाबा गेले म्हणून तू माझी आई राहिली नाहीस का?"

ती मांडीवर हात उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

"तुझ्या बाबांच्या वेळी काय करायचं बाकी ठेवलं मी?" ती म्हणाली. "उपास केले, नवस बोलले. आयसीयूत सोडायचे तेवढ्या वेळात रोज याच हातांनी अंगारा लावला त्यांना. नाही गं फळले हे हात. तुझ्या बाबतीत मला ते चालवून बघायचे नाहीत. भीती वाटते मला."

रूढींबद्दल मी पाठ केलेलं सगळं भाषण बिनकामाचं ठरलं. इतके महिने मी भलत्याच गोष्टीशी भांडत होते. पसरलेलं जॅकेट मी हळूच सोडलं. तिनं एकेक वस्तू परत सॅकमध्ये भरली. फ्लास्कमधला चहा आम्ही प्यायलो.

उतारावर निसरडं होतं म्हणून मी तिचा हात धरला. पुढे सपाट रस्ता लागला तरी सोडला नाही. तिनं दोनदा सोडवून घेतला, दोन्ही वेळा मी पुन्हा धरला. मग तिनं तसाच राहू दिला, आणि कारपार्क दिसायला लागलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोड गं. बाधेल तुला."