कुत्र्याला शिकवलेलं

विद्यापीठाच्या नामांतरावरून मानवतजवळचं आमचं गाव तापलं होतं. दलित वस्तीतून कुणी आलं की अंगावर जायचं, हे कुत्र्याला मीच शिकवलं. आमचं अंगण झाडणाऱ्या म्हातारीनं मात्र त्याच्यावर कधी दगड उगारला नाही. ती रोज लांब बसून भाकरीचा तुकडा टाकायची आणि रोज हातभर जवळ सरकायची. महिन्याभरात ते तिच्या हातून खाऊ लागलं. त्या हातचं पाणी आम्ही पीत नव्हतो.

एकदा चारचौघांत मी तिच्याकडं बोट दाखवून 'छू' म्हणालो, तर ते जाऊन तिच्या पायाशी बसलं. मी काठीनं त्याला बडवलं.

"नका मारू, मालक. उद्यापून मीच येत न्हाई."

कुत्रं रोज सकाळी वस्तीकडं तोंड करून बसायचं. वस्ती हाकेच्या अंतरावर होती. मी तिला बोलवायला गेलो नाही.