बिनकाट्याचं करवंद

पान हातात आलं की अक्का आधी ते उलटं करून बघायच्या. मग बोटांत चुरडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि डोळे मिटून क्षणभर थांबायच्या.

"फुलाचं सोडा हो. फुलं चार दिवस नटत्यात. पान बघू द्या."

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय गल्लीत कुणी कुंडीत माती भरत नाही. कोल्हापुरात आम्ही घर बांधलं ते नव्वद सालानंतर, आणि अक्कांचं घर आमच्या समोर. त्यांच्या यजमानांचं गुळाचं दुकान. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे घरात कानडी आणि आमच्याशी खणखणीत कोल्हापुरी. वाचनालयातून बागकामाची पुस्तकं आणून वाचायच्या आणि पटलं नाही तर पुस्तकाशीही मोठ्याने भांडायच्या.

त्या चुकतही. मी शिकवायचे त्या शाळेतून एक रोप आणलं होतं. पान चुरडून अक्कांनी जाहीर केलं, "मोगऱ्यातलीच जात हाय." वर्षभराने त्याला निळी फुलं आली. अक्का आल्या, झाडापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चुकलं की माझं!" कबुलीही त्याच दणक्यात.

आमच्या शेजारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहायला आले. त्यांनी कुंपणाला बाहेरगावच्या कुठल्याशा नर्सरीतून हौसेनं झुडपं आणून लावली होती. दाट, गडद, चकचकीत पानं. "बिनकाट्याचं करवंद!" ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पान तोडलं की करवंदासारखाच पांढरा चीक. पुढे हिरवी फळंही धरली, तीही तशीच. साहेबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पातेलंभर काढली आणि गल्लीला लोणचं द्यायचं ठरवलं.

त्या सकाळी अक्का सहज त्यांच्या फाटकाशी थांबल्या. पान उलटं केलं, शेंड्यावरून बोट फिरवलं आणि तडक आत गेल्या. मी मागोमाग. वहिनी ओट्यापाशी मीठ मोजत होत्या.

"वैनी, हात धुवा आधी. ही फळं कुणाच्या तोंडात गेली न्हाईत न्हवं?"

"नाही. का हो?"

"हे करवंद न्हवं. करवंदाचं पान शेंड्याला गोल असतंय. हे बघा, सुईगत टोचतंय. फांदीला काटा न्हाय आन् पानाला हाय, हे कुठलं करवंद?"

साहेब पेपर बाजूला ठेवून उठले. "मग काय आहे ते सांगा."

"ते मला ठावं न्हाय."

"नाव माहीत नाही आणि आमचं लोणचं बंद करता? सगळ्या गल्लीत तुमचंच चालायला पाहिजे, असं आहे का?"

अक्कांचा चेहरा उतरला, पण हात पातेल्यावरून हलला नाही. "चिडा तुम्ही. पातेलं माझ्यासंगं चाललं."

बाहेर येऊन मी हळूच म्हटलं, "अक्का, मोगऱ्यासारखं झालं तर?"

"तर गल्लीत उभी ऱ्हाऊन सांगीन, चुकलं म्हणून. पण मी बरोबर असले आन् गप बसले, तर कुणाला सांगू?"

माझ्या लुनावर मागे अक्का, मांडीवर झाकलेलं पातेलं, हातात डहाळी. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक माझ्या ओळखीचे होते. त्यांनी भिंगाखाली पान धरलं, जाड पुस्तक काढलं, चित्र पडताळलं. मग मान वर करून पहिला प्रश्न केला, "कुणी खाल्लं नाही ना?"

झुडूप करवंदाच्याच कुळातलं, पण जहाल विषारी. आफ्रिकेत त्याचं विष बाणाला लावतात म्हणे. नाव अकोकँथेरा.

"अक्को काय?" अक्कांनी दोनदा म्हणवून घेतलं. "अय्यो! माझंच नाव घिऊन आलंय की!" आणि तिथंच खुर्चीत बसून हसायला लागल्या. हसतानाही पातेल्याचं झाकण मात्र त्यांनी घट्ट दाबून धरलं होतं.

परत आलो तेव्हा साहेब फाटकातच उभे होते. मी प्राध्यापकांचं बोलणं सांगितलं. वहिनी तडक आत जाऊन पुन्हा हात धुऊन आल्या.

"अक्का, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," साहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. हाताला फडकी गुंडाळा, चीक लागंल. कुदळ कुठं हाय?"

दिवस मावळेपर्यंत दोघांनी मिळून कुंपण मुळासकट उपटलं आणि लांब खड्डा काढून पुरलं.

वहिनींची मात्र लोणच्याची हौस राहून गेली होती. अक्कांनी गगनबावड्याकडच्या एका ओळखीच्या बाईकडून खरी कच्ची करवंदं मागवली, काट्याच्या डहाळीसकट. लोणचं झालं, वाट्या भरल्या, पण गल्लीतलं कुणी बोट लावेना. अक्कांनी चमचाभर तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि म्हणाल्या, "वैनी, मीठ कमी पडलंय." मग वाट्यांवर झुंबड उडाली.

यजमान गेल्यावर काही वर्षांनी अक्कांच्या मुलाने त्यांना धारवाडला न्यायचं ठरवलं. सगळ्या कुंड्या त्यांनी घरोघर वाटल्या, कोणती कुणाला मानवेल ते स्वतः ठरवून. एसटी स्टँडवर पोचवायला मी आणि वहिनी गेलो होतो. वहिनी रडत होत्या. "येऊ की! धारवाड काय लांब हाय?" अक्का म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

पुन्हा येणं झालं नाही. चौथ्या वर्षी अक्का गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी भाजी निवडत होते.

डोळ्यांपुढे आली ती सुटणारी गाडी. आम्ही खिडकीकडे बघून हात हलवत होतो, आणि अक्का शेजारच्या अनोळखी बाईला कानडीत काहीतरी रंगवून सांगत होत्या. ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती. गाडी वळली तरी अक्कांचं बोलणं संपलं नव्हतं.