मंदाच्या डोळ्यांतलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही — त्याला ठाऊक असेल, तर असो.

किन्हवलीत आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. वीस वर्षं मी पेटी वाजवते, चाली बसवते. सूर चुकत नाही, शब्द अडत नाही. पण आत? आत काहीच हलत नाही. नाम घेताना उद्याच्या भाजीचा विचार येतो. किती उपास केले, पहाटे उठून किती जप केला — कोरडी ती कोरडीच. चीड येते हो. देवाशी एकरूप होणं म्हणतात, ते मला एकदाही का नाही?

मंदा माझी धाकटी जाऊ. तिला ना ताल, ना सूर. पण दर गुरुवारी अभंग रंगला की तिच्या हातातले टाळ थांबायचे, डोळे मिटायचे, गालांवरून पाणी वाहायचं. हाक मारली तरी ऐकू जायची नाही. मग हळूच डोळे उघडून हसायची — नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. बायका तिच्या पाया पडू लागल्या. आणि मी? पेटी कोण वाजवत होतं?

एके दिवशी — कसं सांगू — मी सासूबाईंना म्हणाले, मंदाला फिट येते. तोंडाला फेस येतो, मी पदरानं पुसते.

घर घाबरलं. तिला शहापूरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, कुणी पाहिलंय? मी पुढे झाले. हात कसे ताठ होतात, तेही सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. परतताना एसटीत मंदानं माझा हात धरला.

"अक्का, मला तर लय बरं वाटायचं गो. खरंच फेस येतो?"

"येतो," मी म्हणाले.

कधीच आला नव्हता. एकदाही नाही.

चार वर्षं झाली. ती सुस्तावली आहे. भाताच्या लावणीत मागे पडते, बोलता बोलता शब्द विसरते. गोळ्या बंद करायला घरचे भितात — आणि मी गप्प बसते. भजन तिनं सोडलं. गेल्या गुरुवारी मीच विचारलं, "येतेस का गो?"

"नको अक्का. आता तिथं कायच वाटत नाय."

मी एकटीच देवळात गेले. भजन छान झालं, असं सगळ्या म्हणाल्या.