दुर्गापुऱ्यातलं वळण

परवा जावई कुठल्याशा वायरीला डाग देत बसला होता. राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट जयपूरला, दुर्गापुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या बागेत पोचले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे विम्याच्या नोकरीत. सगळ्या सुट्ट्या त्यांनी घरी बनवलेल्या, हातभर लांबीच्या वाफेच्या इंजिनापायी घालवल्या. त्याला मधोमध सांधा होता, वळणावर वाकण्यासाठी. बॉयलरसाठी माझ्या तांब्याच्या बंबाची नळी कापून तिला असेच राळ लावून डाग दिले, रूळ माझ्या मेथीच्या वाफ्यातून नेले, आणि एवढं करून वळण आलं की इंजिन आपलं घसरलंच!

मग बदली झाली. दारात सामानाचा ट्रक उभा, आणि हे मातीत गुडघे टेकून.

"अहो, ट्रंक कोण उचलणार?" मी ओरडले.

"एवढं वळण बघतो, आलोच."

"आत्ताच्या आत्ता या!"

इंजिन तसंच चालू सोडून हे चडफडत आत गेले. ते माझ्यासमोरून फुसफुसत वाफ्यापाशी आलं. पुढचा भाग अलगद वळला, पाठोपाठ मागचा. पलीकडे जाऊन ते थांबलं, कारण बॉयलरचा डागच उकलला होता.

हे धावत आले. "वळलं?"

"वळलं."

नव्या गावी तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. इंजिन पुन्हा कधी धावलं नाही. पण हे मला जेवतानासुद्धा विचारायचे, "आधी पुढचं वळलं ना? डुललं का?" मी दर वेळी वैतागून सांगायचे.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातही यांनी विचारलं. तेव्हा मात्र मी अगदी सावकाश, सगळं सांगितलं.