केळीच्या बेटामागचं फाटक

माझा थोरला भाऊ विद्याधर वाडीतल्या बावखलाच्या पायरीवरून घसरला आणि सगळ्या घराला एकदम त्याच्या प्रेमाचा उमाळा आला. बावखल म्हणजे आमचं पायऱ्यांचं तळं. बागेला पाणी तिथलंच. त्या पायऱ्यांवर शेवाळं धरतं हे दादाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी पायाला ते ऐन वेळी आठवलं नाही. हाड मोडलं नाही, नशीब. पण सकाळी पडला तो दुपारी शेजारची सालोमी केळीची पानं मागायला आली तोवर तिथंच पडून होता. हाका मारल्या म्हणे. ऐकायला होतं कोण? आमच्या गिरीजच्या आळीत आता घरं आहेत, त्यांना रंग आहे, दाराला कुलूप आहे आणि माणसं कॅनडाला आहेत.

मी सावित्री, त्याची धाकटी बहीण, जवळच्या होळी गावात दिलेली. जवळ राहते म्हणून सगळ्यांनी मलाच धरलं. त्याचा मुलगा देवेंद्र बंगळुरूहून व्हिडिओवर आला. तिथं बसून तो कुठल्या शहरातली वीज कुठे अडली ते पडद्यावर शोधून काढतो. बाप कुठे पडला ते मात्र त्याला सालोमीने सांगावं लागलं. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, असं त्याने मला बजावलं, जसं काही आजवर मीच ठेवलं होतं. आमच्याकडे घेऊन येतो म्हणाला, तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली सूनबाई हेमांगी हळूच पडद्याबाहेर सरकली. तिचं तरी काय चुकलं? दोघं नोकरीवर, घर अकराव्या मजल्यावर. दादा तिथं दिवसभर एका कुंडीला पाणी घालत बसला असता.

मग देवेंद्रने माहितीपत्रक पाठवलं. कळंबला समुद्राकाठी नवीन वस्ती निघाली होती, खास ज्येष्ठांसाठी. नाव सांजसिंफनी. सिंफनी म्हणजे काय ते मी विचारलं, तर म्हणाला, मोठा वाद्यवृंद. म्हणजे बुडायच्या आधी बँड. बरं. आत फोटो होते. सगळ्यांचे केस पांढरे पण दाट, दात शाबूत, आणि जो तो हसत होता. आमच्या वयाची माणसं विनाकारण एवढी हसायला लागली तर घरचे डॉक्टरला दाखवतात.

मला वाटलं दादा ते पत्रक चुलीत घालील. पण तो ते शेवटपर्यंत वाचत राहिला. त्याचं कारण मला ठाऊक होतं. वहिनी गेली तेव्हा अंगणात ही गर्दी झाली होती, पण धड गुडघ्याचा माणूस औषधाला नव्हता. खांद्याला देवेंद्र, सालोमीचा नवरा ॲन्सेल्म, स्वतः दादा, आणि चौथं कोणी मिळेना. आमच्याकडे बाईने खांदा द्यायची रीत नाही, पण मी पदर खोचला आणि उभी राहिले. कोण मला अडवतंय ते बघतेच, असं तोंड केलं होतं मी. कुणी अडवलं नाही. तेव्हापासून दादा मनात माणसं मोजतो, हे मी ओळखून होते. नारळाचं रोपसुद्धा हलवून, मुळं बघून घेणारा माणूस तो. म्हणाला, आठवडाभर राहून बघतो, मग सांगतो.

सोडायला मी गेले. फाटकावर पिशवी तपासली तर लुंगी, सदरे, वहिनीचा फोटो आणि कोयता. वाडीतला माणूस घराबाहेर पडताना एकवेळ चष्मा विसरेल, कोयता विसरणार नाही. पांढऱ्या मिशांचा राखणदार काशीराम खाडीकाठचा, त्याला यात काही नवल वाटलं नाही. पण नियम होता. त्याने कोयता ठेवून घेतला आणि देवळाबाहेर चपलांचा देतात तसा बिल्ला दादाच्या हातात दिला.

आत प्रितेश नावाचा मॅनेजर आमच्या स्वागताला उभा होता. तिशीचा, घोट्याच्या वर पँट, बोलताना सारखा हात जोडायचा. दादाला सर म्हणायचा आणि मला लोकल गार्डियन. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची मी पालक झाले. आता शाळेत दाखला तेवढा काढायचा राहिला होता.

पण खोटं कशाला बोलू, जागा चांगली होती. न्हाणीघरात धरायला दांडे, पाय सरकणार नाही अशी फरशी, रोज सकाळी डॉक्टर, गरम जेवण, पत्ते खेळायला चार माणसं. पलंगाशी बेल, दाबली की माणूस धावत येतो. मला हेवाच वाटला. माझ्या घरी मी बेल मारली तर उठून दार मलाच उघडावं लागेल. त्या आठवड्यात मला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली, हेही सांगून टाकते.

आता दुसरी बाजू. समुद्र खिडकीत, ताजी मासळी घेऊन कोळणी फाटकासमोरून जातात, आणि आत ताटात दुधी. किचन सात्त्विक आहे, सीनियर्सना लाइट बरं पडतं, असं प्रितेशने समजावलं. म्हणजे समुद्र फक्त बघायचा. दादाचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना. सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून खोटं हसायचं. संध्याकाळी सगळ्यांनी एकाच वेळी सूर्यास्त बघायचा, नाही आला तर खोलीवर येऊन विचारतात. आणि शेजारची खोली रिकामी का, म्हणून दादाने विचारलं तर प्रितेश म्हणाला, तिथले अंकल शिफ्ट झाले. कुठे, ते नाही सांगितलं. पुढे कळलं, तिथून बरेच अंकल शिफ्ट झाले होते.

चौथ्या दिवशी मला फोन आला. प्रितेशच. मॅडम, तुम्हाला उद्या सकाळी यावं लागेल, सरांनी इन्सिडेंट केलाय. पडला का परत, विचारलं, तर म्हणे नाही, त्यांनी लँडस्केप कापला.

झालं होतं असं. जेवणघराच्या काचेसमोर, बागेच्या टोकाला केळीची बेटं लावलेली. दादा रोज जेवताना ती बघायचा आणि त्याला घास उतरायचा नाही. केळ्यांचा लोंगर झाडावरच पिकून सडलेला, कुणी उतरवलेला नाही. लोंगर देऊन झालेली केळ तशीच उभी. आणि बुंध्याशी पिल्लांची ही दाटी. आमच्या वाड्यांत लहान पोरालाही कळतं, बेटात एक पिल्लू ठेवायचं आणि बाकी साफ करायचं, नाहीतर एकही धड वाढत नाही. त्याने तीन दिवस कळ काढली. चौथ्या पहाटे काशीरामकडे बिल्ला घेऊन गेला. काशीराम म्हणाला, काका, मी पानी प्यायला जातो, कोयता थयच हाय. उजाडेपर्यंत दादाने सगळी बेटं रीतीप्रमाणे साफ केली आणि पानं स्वयंपाकघरात नेऊन दिली. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर नाश्ता चालला होता. येताना सुकटीची चटणी डब्यात घालून पदराखाली नेली होती. डबा नुसता उघडला तर तीन टेबलांवरच्या माना वळल्या आणि डबा तिकडे फिरला. प्रितेश मला बाजूला घेऊन सांगत होता, ती झाडं केळ्यांसाठी नव्हती मॅडम, ती व्ह्यू स्क्रीन होती. कशाचा व्ह्यू, मी विचारलं. तो म्हणाला, सर्व्हिस एरियाचा.

दादासमोरची खुर्ची रिकामी होती. तिथं दिनानाथ मास्तर बसायचे, चिपळूणकडचे, चित्रकला शिकवायचे. पत्त्यात दादाचे भिडू, पायात सदा निळे मोजे. मास्तर कुठे, दादाने विचारलं. प्रितेशने हात जोडले. "मास्तर सर शिफ्ट झाले, सर. आज पहाटेच."

तो बोलत होता आणि त्याच्या पाठीमागे काचेतून सगळं दिसत होतं. परवापर्यंत ज्या जागी केळीची भिंत होती तिथं आज एकेक पिल्लू उभं होतं, गुडघ्याएवढं. त्यांच्या पलीकडे मागचं फाटक, फाटकात पांढरी गाडी, आणि दोन माणसं चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आत सरकवत होती. चादरीतून एक पाय बाहेर आला होता. पायात मास्तरांचा निळा मोजा.

जेवणघरात चमच्यांचा आवाज थांबला. प्रितेशने वळून बघितलं आणि तसाच उभा राहिला. पोरगाच तो, त्याच्याही तोंडाचं पाणी पळालं.

दादाने उपम्याची बशी बाजूला सारली. आमच्याकडे कुणी गेलं की जो तो असेल त्या कपड्यात निघतो, अनवाणी. त्याने चपला टेबलाखाली ठेवल्या आणि चालायला लागला. बागेतून सरळ, चालू नये अशी पाटी लावलेल्या हिरवळीवरून. त्याच्या मागे मी. मागे बघते तर एकेक खुर्ची सरकत होती. कुणी काठी घेऊन, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी सुकटीचा हात तसाच. त्यातल्या पुष्कळांना मास्तरांचं पूर्ण नावही माहीत नसेल. ड्रायव्हरने दार लावता लावता ही पलटण बघितली आणि टोपी काढली. मुलगी अमेरिकेहून येईपर्यंत मास्तरांना रुग्णालयाच्या शवागारात ठेवायचं होतं. गाडी निघाली तशी सगळी मागून चालायला लागली, रस्त्याच्या वळणापर्यंत, जेवढं जमेल तेवढं. मी रडले. मास्तरांना मी एकदाच भेटले होते, पण मागच्या दाराने, झाडाआडून, एखादी जुनी गादी काढतात तसं माणसाला काढायचं म्हणजे काय! वाडीत म्हैस मेली तरी चार माणसं हळहळतात.

आठवडा संपला तेव्हा प्रितेशने आम्हा दोघांना अभिप्रायासाठी बसवलं. मला वाटलं होतं हाकलून देतील. पण नाही, त्यांना दादा हवा होता. बाकीचे ज्येष्ठ त्याच्याभोवती जमायला लागले होते. दादा म्हणाला, जागा बरी आहे, राहीन. माझ्या काळजात चर्र झालं आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. मग त्याने तीन गोष्टी मागितल्या. कोयता परत हवा. प्रितेश म्हणाला, शुअर सर, गार्डनिंग ॲक्टिव्हिटी म्हणून घेऊ. आठवड्यातून एकदा मासे हवेत. प्रितेशने वरच्यांना फोन लावला. तेही झालं, त्याला कोस्टल नाइट असं नावसुद्धा मिळालं.

"आणि इथून कुणी गेलं," दादा म्हणाला, "तर पुढच्या फाटकाने न्यायचं. सगळ्यांना सांगून."

प्रितेशने पुन्हा फोन लावला. बराच वेळ बोलला. परत आला तो मान खाली घालून. "सर, पुढच्या गेटने साइट व्हिजिट येतात. फॅमिलीज येतात बुकिंगला. ते नाही होणार."

दादा उठला. खोलीत गेला, पिशवी भरली, वहिनीचा फोटो सदऱ्यात गुंडाळला. बाहेर प्रितेशने बॅटरीची गाडी मागवून ठेवली होती, ती मागच्या बाजूला उभी होती. पुढच्या बाजूला म्हणे बोरिवलीचं एक कुटुंब जागा बघायला आलं होतं. दादा त्या गाडीकडे बघितलं न बघितल्यासारखं करून पुढच्या फाटकाने चालत निघाला. काशीरामला बिल्ला दिला, कोयता घेतला. बोरिवलीची मंडळी दचकून बाजूला झाली.

घरी आणला खरा, पण मी काही आनंदाने नाचत नव्हते. तिथं पडला तर उचलायला माणूस आहे, इथं शेवाळं आहे. देवेंद्रने व्हिडिओवर डोकं धरलं. मीही रात्रभर तळमळले आणि सकाळी होळीहून कपड्यांची पिशवी घेऊन गिरीजला आले, काही दिवस राहते म्हणून.

दादाने मात्र त्या आठवड्यात चांगलं ते बरोबर हेरून ठेवलं होतं. बावखलाच्या पायऱ्या घासून घेतल्या, कठडा बसवला. न्हाणीघरात दांडे लावले, अगदी तिथल्यासारखे. वसईच्या बाजारातून बिनतारेची बेल आणली. बटण त्याच्या गळ्यात, घंटा सालोमीच्या स्वयंपाकघरात. सूर्यास्त तेवढा ज्याला बघायचा त्याने बघावा, म्हणाला.

बेल लावल्याच्या दुसऱ्या सकाळी दादा आंघोळीला गेला होता, मी चहा ठेवत होते आणि पलीकडून घंटेमागोमाग सालोमीची किंकाळी आली. मी गॅस तसाच सोडून धावले. सालोमी कुंपणाच्या फटीतून पिठाच्या हाताने घुसली. तिच्यामागे ॲन्सेल्म, अर्धा गाल साबणाचा, पायात एकच चप्पल. तिघं एकदम न्हाणीघराच्या दारात आदळलो.

दादा आत स्टुलावर बसला होता. दांडा धरून, केस नीट विंचरून, ठणठणीत.

काय झालं, विचारायलाही आमच्यात दम नव्हता. "काही नाही," तो म्हणाला, "कोण येतं ते बघत होतो." मग मी तोंड सोडलं. म्हातारचळ लागला का, आमचा जीव घ्यायचाय का, तुझ्या त्या बेलसकट तुला बावखलात बुडवते, जे तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता रडायला लागले आणि रडताना आणखी राग आला.

तो शांतपणे आम्हा तिघांकडे बघत होता. धाप लागलेली सालोमी, साबण पुसणारा ॲन्सेल्म, मी. तिघांची वयं सत्तरीच्या आसपास.

"तिघं आलात," दादा म्हणाला. "उचलायला पुरे. न्यायला एक कमी पडतो."

"मग चौथा मिळेपर्यंत जायचं नाही," मी म्हटलं, आणि आधी त्याच्या गळ्यातलं बटण सरळ केलं.